स्पॅनिशमधला 'कुरिओसिदाद' : चौकसपणा, नीटनेटकेपणा की नसती उठाठेव?

मृण्मयी_स :
नमस्कार. सतराव्या शतकातील एका स्पॅनिश प्रवासवर्णनाची काही पाने मी सध्या मराठीत आणते आहे. त्यात एका चर्चमधील लाकडी वेदीबद्दल लेखक म्हणतो की ती 'लाब्रादा कोन मुचा कुरिओसिदाद' आहे. वर्गात शिकलेल्या अर्थाने पाहिले तर 'पुष्कळ कुतूहलाने कोरलेली वेदी' असे भाषांतर होईल, पण कोरणाऱ्या सुताराला कुतूहल नेमके कशाचे होते, हे काही उमगत नाही. चार पाने पुढे एका गावाचे रस्तेही त्याला 'कुरिओसो' वाटतात, आणि संदर्भ पाहता ते विचित्र नसून झाडलोट केलेले असावेत असे दिसते. शब्दकोशात पाहिले, तर जाणून घेण्याची इच्छा, ज्याच्याशी आपला संबंध नाही ते खोदून काढण्याची खोड, स्वच्छता, एखादी गोष्ट नजाकतीने करण्याची वृत्ती आणि दुर्मीळ वस्तू असे सगळे अर्थ एकाच नोंदीखाली नांदत आहेत. हे सारे एका शब्दात कसे आले, आधीचा अर्थ कोणता, आणि माझ्या वेदीला मराठीत काय म्हणावे?

फुटकळ :
मजुरी कधी हातात पडणार, याचेच त्या सुताराला कुतूहल असणार.

तळटीप :
मृण्मयीताई, तुमच्या यादीतील स्वच्छता आणि नजाकत हे जे अर्थ आगंतुक वाटतात, तेच मुळाच्या अधिक जवळचे आहेत, आणि ज्ञानाची इच्छा हा अर्थ नंतर ठळक झाला. लॅटिनमध्ये 'कूरा' म्हणजे काळजी, निगा, एखाद्या कामाची जबाबदारी. त्याला '-ओसुस' हा 'ने भरलेला' अशा अर्थाचा प्रत्यय लागून 'कुरिओसुस' झाले. आपल्याकडे दया असणारा दयाळू, तसा कूरा असणारा कुरिओसुस, म्हणजे जे हाती घेतले त्याची मनापासून काळजी वाहणारा. जो इतकी काळजी घेतो तो बारकाईने पाहणार, जो बारकाईने पाहतो तो प्रश्न विचारणार, आणि जो फार प्रश्न विचारतो तो शेजाऱ्यांना नकोसा होणार, अशी ही अर्थाची घसरगुंडी आहे. ती स्पॅनिशमध्ये सुरू झालेली नसून लॅटिनमध्येच पूर्ण झाली होती. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात वारो या रोमन विद्वानाने 'कुरिओसुस' म्हणजे कूरा प्रमाणाबाहेर वापरणारा, असे लिहून ठेवले आहे. 'कुरिओसितास' हे भाववाचक नाम आज उपलब्ध असलेल्या ग्रंथांत प्रथम भेटते ते रोमन वक्ता सिसेरो याने आपला मित्र आटिकुस याला इसवी सनपूर्व 59 मध्ये लिहिलेल्या पत्रात. तिथे रोममधल्या बातम्यांसाठी आपण भुकेलेले आहोत असे तो सांगतो. म्हणजे या नामाची आपल्याला दिसणारी पहिली हजेरीच गावगप्पांच्या ओढीने लागली आहे.

स्पॅनिशमध्ये 'कूरा'चे गोत बरेच मोठे आहे. 'ला कुरा' म्हणजे उपचार, 'एल कुरा' म्हणजे ज्याच्याकडे गावाच्या आत्म्यांची काळजी सोपवलेली असते तो धर्मगुरू, संग्रहालयाचा 'कुरादोर', मिळवण्यासाठी झटणे या अर्थी 'प्रोकुरार', आणि काळजीविना म्हणून 'सेगुरो', म्हणजे सुरक्षित. गंमत अशी की आजच्या स्पॅनिशमध्ये काळजी घेणे याला जो रोजचा शब्द आहे, 'कुइदार', तो मात्र या गोतातला नाही. तो 'कोगितारे', म्हणजे विचार करणे, या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. विचाराचा शब्द काळजीकडे गेला आणि काळजीचा शब्द विचारपूस करण्याकडे.

अरभाट :
माहितीपूर्ण प्रतिसाद. मात्र 'कूरा' हा शब्द 'कोर ऊरात', म्हणजे 'काळीज जाळते', यापासून आला असे मी वाचले आहे. काळजी काळीज जाळते, ही व्युत्पत्ती मराठी माणसाला लगेच पटावी.

तळटीप :
पटावी खरी, परंतु ती टिकत नाही. ज्या वारोचा उल्लेख वर केला त्याचीच ती व्युत्पत्ती आहे. जुन्या लॅटिन शिलालेखांत याच क्रियापदाची रूपे 'कोइराविट', 'कोएराविट' अशी कोरलेली सापडतात, म्हणजे शब्दाचे जुने रूप 'कोइरा' असे होते. त्यात 'कोर' अधिक 'ऊरात' बसवता येत नाही. आपल्याकडे वैदिक शब्दांचा उलगडा करणाऱ्या यास्काच्या निरुक्तात एकेका शब्दाची दोन-तीन निर्वचने, म्हणजे शब्द फोडून सांगितलेले अर्थ, शेजारी शेजारी दिलेली असतात, त्याच जातीचे हे निर्वचन आहे. शब्द लोकांना कसा जाणवत होता हे त्यातून कळते, त्याचा जन्म कुठे झाला हे कळत नाही.

स्पॅनिशचा मोठा कोशकार सेबास्तियान दे कोवार्रुबियास याने 1611 च्या आपल्या कोशात अशीच आणखी एक मौज केली आहे. 'कुरिओसो' म्हणजे गोष्टी विशेष काळजीने आणि दक्षतेने करणारा, असा अर्थ तो देतो, आणि मग म्हणतो की हा शब्द 'कूरा'पासून आला असावा किंवा 'कुर' या लॅटिन अव्ययापासून. 'कुर' म्हणजे 'का?', कारण असा माणूस सतत हे का आणि ते का असे विचारत फिरतो. दुसरी व्युत्पत्ती शास्त्राला धरून नाही. पण 1611 मध्ये दोन्ही अर्थ एका नोंदीत शेजारी बसले होते, याचा हा उत्तम पुरावा आहे, आणि मृण्मयीताईंचा प्रवासी त्याच शतकातला आहे.

रेवा_हिहोन :
मी उत्तर स्पेनमध्ये, आस्तुरियासमधील हिहोन शहरात राहते. इथे जुना अर्थ अजून चांगला धडधाकट आहे. आमच्या इमारतीचा जिना पाळीपाळीने पुसायचा असतो. माझी पाळी झाली की खालच्या मजल्यावरच्या आजी कठड्याच्या गजांमागून बोट फिरवतात, बोटाकडे पाहतात आणि 'कुरिओसिन' म्हणतात. आधी वाटले की मी काहीतरी विचित्र केले. नंतर कळले की इथल्या बोलीत नेटके, छान जमलेले, दिसायला गोड अशा सर्व गोष्टींना हाच शब्द लावतात. घर कुरिओसो असते, अक्षर कुरिओसो असते, लहान मूलही कुरिओसो असते, आणि ते मूल प्रश्न विचारते की नाही याच्याशी त्या कौतुकाचा संबंध नसतो. माद्रिदच्या कार्यालयातील माझ्या तरुण सहकाऱ्यांना मात्र हा अर्थ आजीच्या तोंडचा वाटतो. ते 'के कुरिओसो!' असे म्हणतात ते 'काय गंमत आहे पाहा' या अर्थाने.

फुटकळ :
म्हणजे बोट फिरवून धूळ शोधणाऱ्या आजी एका अर्थाने कुरिओसा आणि पुसणाऱ्या तुम्ही दुसऱ्या अर्थाने.

काणकोणकर :
पोर्तुगीजमध्ये हाच शब्द 'कुरिओसिदाद' असा आहे, शेवटी थोडा 'ए' ऐकू येतो इतकेच. गोव्यात गावच्या चर्चमध्ये मुख्य धर्मगुरूला 'पाद्र विगार' आणि सहायकाला 'पाद्र कूर' म्हणतात. तळटीप यांनी सांगितलेला 'कुरा' तो हाच. पोर्तुगीज 'कुरिओसो'ला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे रीतसर शिक्षण न घेता आवडीने एखादी कला करणारा, हौशी. ब्राझीलमध्ये शिक्षण न घेतलेल्या सुईणीला 'कुरिओसा' म्हणत.

सेलवा :
काणकोणकर, त्याला स्पॅनिशमध्येही जोड आहे. लॅटिन अमेरिकेतील काही देशांत 'कुरिओसो' म्हणजे झाडपाल्याची औषधे देणारा वैदू. इथे 'कूरा'चा उपचार हा अर्थ पुन्हा वर आला की हौशी माणूस या अर्थाने तो शब्द वैदूला चिकटला, हे ठरवणे अवघड आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण सुईण आणि वैदू दोघेही पदवी नसलेले जाणकार आहेत.

जुना_सभासद :
मूळ चर्चेत एक दुवा राहून जातो आहे, तो म्हणजे हा गुण दुर्गुण कसा ठरला. वारो आणि सिसेरो यांच्याकडे फार तर चेष्टेचा सूर आहे. पुढे रोमन साम्राज्यात 'कुरिओसी' हे सरकारी मंडळींचे नाव झाले. चौथ्या शतकात सरकारी टपालाचे घोडे परवान्याविना कोणी वापरत नाही ना, हे तपासणारे बादशाही अधिकारी या नावाने ओळखले जात, आणि त्यांच्याकडे लोक हेर म्हणून पाहत. काळजीवाहू माणसाचा हेर झाला.

नैतिक ठपका मात्र ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टिनने ठेवला. इसवी सन 400 च्या सुमारास लिहिलेल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात त्याने या वृत्तीला डोळ्यांची वासना म्हटले आहे. त्याचा युक्तिवाद मोठा बारकाईचा आहे. सुखाची वासना सुंदर वस्तू शोधते, पण ही वासना छिन्नविच्छिन्न प्रेतही पाहायला धावते, कारण तिला सुख नको असते, नुसते पाहायचे असते. मग तो स्वतःची झडती घेतो. शेतात कुत्रा सशाच्या मागे धावताना दिसला, किंवा घरी बसल्या बसल्या पालीने माशी पकडताना वा कोळ्याने जाळ्यात अडकलेली माशी गुंडाळताना पाहिले की आपले चित्त प्रार्थनेतून सुटते, याची त्याला खंत वाटते. पालीकडे पाहण्याचेही पाप मोजणाऱ्या या माणसाचा प्रभाव स्पेनच्या धर्मपीठांवर हजार वर्षांहून अधिक काळ होता. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या धर्मशास्त्रज्ञाने दोन कप्पे केले, योग्य ज्ञानाची ओढ ती 'स्तुदिओसितास' आणि अयोग्य ती 'कुरिओसितास'. सेर्वान्तेसच्या 'दोन किहोते' (इंग्रजी उच्चारात डॉन क्विक्झोट) या कादंबरीच्या 1605 मधील पहिल्या भागात आन्सेल्मो नावाच्या गृहस्थाची जी उपकथा येते, तिच्या शीर्षकात 'कुरिओसो इम्पेर्तिनेन्ते' आहे. पत्नी कामिला ही पतिव्रता आहे याची खात्री करून घेण्यासाठी तो आपल्या मित्राला, लोतारियोला, तिच्यावर जाळे टाकायला लावतो, आणि तिघांचाही सर्वनाश होतो. 'इम्पेर्तिनेन्ते' म्हणजे उद्धट नव्हे, तर ज्याच्याशी संबंध नाही त्यात पडणारा. केवळ 'कुरिओसो' म्हटल्याने दोष पुरेसा स्पष्ट होत नव्हता, म्हणूनच हे विशेषण जोडावे लागले, असे माझे मत आहे.

तळटीप :
शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. आणि कादंबरीत ही उपकथा एका खानावळीत मोठ्याने वाचून कोण दाखवतो? गावचा 'कुरा'.

अरभाट :
माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या देशात 1478 मध्ये इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंड्यांचा शोध घेणाऱ्या धार्मिक न्यायपीठाची, स्थापना झाली, त्या देशात चौकसपणाला किंमत मिळाली नाही, एवढे सोपे उत्तर असताना आपण व्युत्पत्तीत कशाला शिरावे? स्पेनने प्रश्न विचारणाऱ्यांना चिरडले आणि म्हणूनच त्या शब्दाला नीटनेटकेपणा असा निरुपद्रवी अर्थ उरला.

सेलवा :
अरभाट, हे मान्य होण्यासारखे नाही. निरुपद्रवी अर्थ उरलेला नाही, तो आधीपासूनचा आहे, हे वर सिद्ध झालेच आहे. शिवाय स्पॅनिश जगाचे चित्र इतके एकरंगी नव्हते. माझे वास्तव्य मेक्सिको सिटीमध्ये आहे, म्हणून इथल्या सोर हुआना इनेस दे ला क्रूस हिचे उदाहरण देते. सान हेरोनिमोच्या मठातील या जोगिणीने 1691 मध्ये एका बिशपला दिलेल्या लांबलचक उत्तरात आपल्या ज्ञानलालसेची हकिकत सांगितली आहे. तिसऱ्या वर्षी ती वाचायला शिकली. चीज खाल्ल्याने बुद्धी मंद होते असे ऐकले म्हणून तिने आवडीचे चीज सोडले. ठरवलेला धडा मुदतीत आला नाही की ती स्वतःचे केस कापून घ्यायची, कारण ज्ञानाचा अभाव असलेल्या उघड्याबोडक्या डोक्यावर केसांची शोभा असू नये असे तिला वाटे.

पुढची गोष्ट अरभाट यांच्यासाठी. एका फार सात्त्विक आणि फार भोळ्या वरिष्ठ जोगिणीला अभ्यास ही इन्क्विझिशनच्या कक्षेतली बाब वाटली, आणि तिने सोर हुआनाला अभ्यास बंद करण्याचा हुकूम दिला. तो सुमारे तीन महिने टिकला. तिने आज्ञा पाळली, म्हणजे पुस्तकाला हात लावला नाही. परंतु मग तिला प्रत्येक वस्तूच पुस्तकासारखी दिसू लागली. मुली भोवरा फिरवताना पाहिल्या तेव्हा तिने जमिनीवर पीठ चाळून घेतले, आणि भोवरा मंदावत असताना त्याची रेघ पूर्ण वर्तुळ न राहता सर्पिलाकार सरकत जाते हे पाहून ठेवले. स्वयंपाकघरात तिच्या लक्षात आले की अंडे तुपात किंवा तेलात एकजीव होऊन तळले जाते आणि साखरेच्या पाकात मात्र फाटते, तसेच साखर पातळ राहायला तिच्यात मेंब्रियोसारख्या आंबट फळाचे अगदी थोडे पाणी पुरते. ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने आणखी पुष्कळ लिहिले असते, हे तिचे वाक्य याच परिच्छेदानंतर येते. अरभाट म्हणतात ती दडपणूक खरीच आहे. पुढे तिला आपला ग्रंथसंग्रह सोडावा लागला. मात्र ज्या समाजात चौकसपणाला किंमतच नव्हती, त्यात तिचे ग्रंथ माद्रिदमध्ये छापले गेले नसते.

काणकोणकर :
सेलवाताई, याच धर्तीवर गोव्याचे एक उदाहरण आहे. गार्सिया दा ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा. तो सालामांका आणि आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत शिकला, आणि त्याने औषधी वनस्पतींवरील आपला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला. तो संवादरूप आहे. त्यात रुआनो नावाचा सालामांकाच्या परंपरेतला पंडित एकामागून एक प्रश्न विचारतो आणि ओर्ता कोकम, हिंग, आंबा, फणस यांच्याबद्दल प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. गोव्यातील इन्क्विझिशन 1560 मध्ये सुरू झाले होते. ओर्ता 1568 मध्ये वारला, आणि 1580 मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. चौकस माणूस आणि चौकशी करणारे न्यायपीठ यांचे हे शेजारपण फार अंगावर येते.

तळटीप :
'इन्क्विझिशन' हा शब्दही शोधणे, विचारणे या अर्थाच्या 'इन्क्विरेरे'पासूनच आला आहे, हे इथे नमूद करावे. न्यायपीठाच्या लेखी विचारण्याचा अधिकार एकाच बाजूला होता.

अरभाट :
ठीक आहे, 'निरुपद्रवी अर्थ उरला' हे विधान मागे घेतो. बाकीच्या मुद्द्यांवर मी ठाम आहे.

वेलदोडा :
'कुतूहलाने मांजर मेले' ही म्हण स्पॅनिशमध्ये आहे ना? तिचे मूळ काय?

जुना_सभासद :
'ला कुरिओसिदाद मातो अल गातो' ही इंग्रजीतून घेतलेली म्हण आहे. इंग्रजीत ती आधी 'काळजीने मांजर मेले' अशी होती. बेन जॉन्सनच्या 1598 च्या नाटकात काळजीच मांजराला मारते, आणि शेक्सपिअरकडेही तसेच आहे. कुतूहल तिथे पुष्कळ नंतर आले. मजा म्हणजे काळजीसाठीचा तो इंग्रजी शब्द जर्मानिक कुळातला आहे आणि लॅटिन 'कूरा'शी त्याचे नाते नाही, तरी म्हणीने नेमकी काळजीपासून कुतूहलापर्यंतचीच वाट पुन्हा चालून दाखवली. आता तिच्यातून व्युत्पत्ती काढू नये, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

फुटकळ :
स्पॅनिश मांजराला सात जन्म आणि इंग्रजी मांजराला नऊ. आयात केलेल्या म्हणीत दोन जन्म वाटेतच गेले.

रेवा_हिहोन :
रोजच्या बोलण्यात नाक खुपसणाऱ्याला इथे 'कुरिओसो' क्वचितच म्हणतात, कारण तो शब्द सौम्य पडतो. त्यासाठी 'फिस्गोन' आहे. 'फिस्गा' म्हणजे मासे टोचून पकडण्याचा काटेरी भाला, त्यावरून डोकावणे, टोचून काढणे. मेक्सिकोत बहुधा 'मेतिचे' म्हणत असतील.

सेलवा :
हो, 'मेतिचे'. 'मेतेर', म्हणजे आत घालणे, यावरून. आपण नाक घालतो तसेच. आणि इथल्या पर्यटनस्थळी 'कुरिओसिदादेस' अशी पाटी लावलेल्या दुकानात चांदीच्या वस्तू आणि विणलेली कापडे मिळतात. वस्तू या अर्थाने शब्द तिथे पोटापाण्याला लागला आहे.

तळटीप :
वस्तूंच्या या अर्थाची सर्वांत भारदस्त पाटी माद्रिदमध्ये लागली होती. आजच्या इक्वाडोरमधील ग्वायाकिल शहरात जन्मलेल्या पेद्रो फ्रांको दाविला याने पॅरिसमध्ये जमवलेला खनिजे, शंख आणि प्राणी यांचा संग्रह राजा तिसरा कार्लोस याने 1771 मध्ये घेतला, आणि त्यातून उभे राहिलेले राजसंग्रहालय 1776 मध्ये लोकांसाठी उघडले. त्याच वर्षी साम्राज्यभरच्या व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांना छापील सूचना गेल्या की निसर्गातील सर्व 'कुरिओसास' उत्पादने निवडून, नीट तयार करून माद्रिदला पाठवावीत. या सूचनेत पक्षी कसा सोलावा, कातडे कसे भरावे, पेटी कशी बंद करावी हे सारे येते. विशेषण दुर्मीळ वस्तूंना लावलेले आहे, परंतु अपेक्षा मात्र शब्दाच्या पहिल्या अर्थाची, म्हणजे काळजीने हाताळण्याची आहे. तोच संग्रह आजच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाचा पाया आहे.

मृण्मयी_स :
सर्वांचे आभार. आता वेदीकडे येते. 'लाब्रादा कोन मुचा कुरिओसिदाद' याला 'मोठ्या निगुतीने कोरलेली' असे करावे असे वाटते. 'नजाकतीने' हा शब्दही मनात होता.

जुना_सभासद :
'निगुतीने' उत्तम. नजाकत ही वस्तूत दिसते, निगुती करणाऱ्याच्या हातात असते, आणि 'कूरा' तिथेच आहे. 'नजाकत' पुढे कुठे दागिन्यांचे वर्णन आले तर त्यासाठी राखून ठेवा.

रेवा_हिहोन :
रस्त्यांसाठी मात्र निगुती चालणार नाही. 'झाडून लख्ख ठेवलेले' असे सरळ म्हणावे. आमच्या आजी मान्य करतील.

मृण्मयी_स :
तसेच करते. आता एकच जागा उरली. पुस्तकाची प्रस्तावना 'अल कुरिओसो लेक्तोर' अशा संबोधनाने सुरू होते. त्या काळच्या पुष्कळ पुस्तकांत ते आढळते. 'जिज्ञासू वाचकास' लिहावे का?

सेलवा :
'जिज्ञासू' म्हटले की नुसती ज्ञानाची इच्छा उरते. तो लेखक वाचकाची स्तुती करतो आहे की तू बारकाईने वाचणारा, चांगले-वाईट ओळखणारा आहेस. 'चोखंदळ वाचकास' कसे वाटते?

अरभाट :
'चोखंदळ'मध्ये नाक मुरडणे आहे. 'चौकस वाचकास' बरे.

तळटीप :
सतराव्या शतकातील वाचकाच्या कानाला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू जात असणार, त्यामुळे कोणताही एक शब्द थोडा तोकडाच पडेल. मी 'साक्षेपी वाचकास' असे लिहिले असते. साक्षेपात काळजीही आहे आणि चिकित्साही.

मृण्मयी_स :
'साक्षेपी' घेतला. तळटीप, तुमचे नाव सार्थ करण्यासाठी खाली एक टीपही देईन.

फुटकळ :
आणि त्या टिपेत, सुताराला मजुरी मिळाली का, हेही लिहा.